मंगोल घेऊन बूम का जमत नाही: सिव्ह निवडताना काय बघावं

एज ऑफ एम्पायर्स २ या कॉम्प्युटर गेमच्या डेफिनिटिव्ह एडिशनबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला. ९०० एलोच्या (रेटिंगच्या) आसपास अडकलाय, अरेबिया या मोकळ्या नकाशावर मंगोल सिव्ह (खेळायची संस्कृती) घेता, वॉल करून तीन टाउन सेंटरवर (टीसी, जिथून गावकरी निघतात) बूम करायला, म्हणजे आधी माणसं आणि शेती वाढवायला आवडतं, आणि सतराव्या-अठराव्या मिनिटाला समोरच्याचे नाइट (जड घोडेस्वार) आत घुसले की सगळं कोसळतं. "सिव्हच्या सगळ्या याद्यांत मंगोल वरच्या नंबरला आहेत, मग चुकतंय कुठे?" ही अडचण मला चांगली ओळखीची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बिल्ड ऑर्डर, लूम, स्काउटिंग या सुरुवातीच्या गोष्टी तुम्हाला येत असणार, त्यात शिरत नाही.

चूक तुमच्या खेळण्यात कमी आणि निवडीत जास्त आहे. मंगोलांचे शिकारी ४० टक्के जलद काम करतात, हे बरोबर. पण किती फूडवर? अरेबियावर साधारण दोन रानडुकरं, प्रत्येकी ३४० फूडची, आणि तीन-चार हरणं, प्रत्येकी १४० ची. म्हणजे अकराशे-बाराशे फूड. मेंढ्यांना हा बोनस लागू नाही, फार्मला नाही, लाकडाला नाही. त्यातही हरणं स्काउटने (टेहळणीच्या घोडेस्वाराने) ढकलत टीसीपाशी आणली नाहीत, तर निम्मा बोनस जंगलातच चरत राहतो. दहाव्या मिनिटाच्या आसपास शिकार संपली की मंगोलांची इकॉनॉमी कुठल्याही साध्या सिव्हसारखीच. तुमचा खरा खेळ सुरू होतो कॅसल एजला (चारपैकी तिसऱ्या युगाला), तीन टीसी टाकल्यावर. म्हणजे बोनस संपतो तिथून तुम्ही सुरू करता.

मंगोलांनी मिळवून दिलेली ती आघाडी लवकर फ्यूडलला (दुसऱ्या युगाला) जाऊन स्काउटने समोरच्याचे लाकूडतोडे मारायला वापरायची असते. घरी बसून वॉल बांधायला वापरली की ती वाया जाते. शेवटी मंगोलांकडे हॅल्बर्डियर (घोडदळाविरुद्धचा सर्वात वरचा भालेवाला) नाही, घोड्यांचं शेवटचं चिलखतही नाही. म्हणजे उशिरापर्यंत खेचलं तर नाइटवाल्यासमोर आणखी अवघड.

आता थोडं रागाने लिहितो. या याद्या ज्या लोकांच्या खेळावरून बनतात ते दोन हजार एलोच्या वरचे असतात. ते हरणं ढकलता ढकलता टीसी रिकामा राहू देत नाहीत. एक प्रसिद्ध यादी, नाव घेत नाही, अजूनही जुन्या पॅचचे (गेमच्या अपडेटचे) आकडे दाखवते आणि खाली कुठे लिहितही नाही की हे कुठल्या पातळीसाठी आहे. नवा माणूस ती बघतो, पहिल्या नंबरचा सिव्ह घेतो, हरतो, मग दुसऱ्या नंबरचा घेतो. असे महिने जातात आणि एकही सिव्ह हातात बसत नाही. सर्वात महाग पडते ती हीच गोष्ट.

माझ्या मते बोनस वाचताना दोनच प्रश्न विचारायचे. तो कधी कामाला येतो? आणि तो आपोआप मिळतो की दरवेळी तुमच्याकडून काहीतरी मागतो?

तुम्हाला घरात रमायला आवडतं, तर आपोआप मिळणारे बोनस शोधा. ट्यूटन्सचे फार्म ४० टक्के स्वस्त, म्हणजे ६० लाकडाऐवजी ३६. वीस फार्मला ४८० लाकूड वाचतं. त्यात एका टीसीचं लाकूड आणि वर एक आर्चरी रेंज (तिरंदाजांची इमारत) होते, आणि हा फायदा तुमच्या आवडीच्या वेळेलाच मिळतो. शिवाय त्यांच्या बॅरॅक आणि स्टेबलच्या (पायदळ आणि घोडदळाच्या) युनिट्सना कॅसल एजपासून जादा मिली आर्मर (जवळच्या माऱ्यापासूनचं चिलखत) आहे, त्यामुळे नाइटशी नाइट भिडले तर फार कसरत न करता जिंकता. दुसरी बाजूही सांगतो: हे आर्मर बाणांसमोर काही कामाचं नाही, आणि हजबंड्री (घोड्यांचा वेग वाढवणारा अपग्रेड) नसल्यामुळे घोडे मंद. समोर क्रॉसबो (तिरंदाज) असतील तर स्कर्मिशर (तिरंदाजांविरुद्धचे भालाफेके) आणि मॅंगोनेल (दगड फेकणारं यंत्र) लागतात, घोड्यांच्या मागे धावू नका.

फ्रँक्सही तुम्हाला चालतील. मिल बांधली की फार्मचे अपग्रेड फुकट येतात. हॉर्स कॉलर ७५ फूड आणि ७५ लाकूड, हेवी प्लो १२५-१२५, हे सगळं वाचतं आणि विसरलं जात नाही. त्यांच्याकडे ब्लडलाइन्स (घोडदळाचे हिटपॉइंट, म्हणजे प्राण, वाढवणारा अपग्रेड) नाही म्हणून घाबरू नका. घोडदळाच्या २० टक्के जादा हिटपॉइंटमुळे नाइट १०० वरून १२० ला जातो, म्हणजे इतरांना ब्लडलाइन्सचे पैसे मोजून जेवढं मिळतं तेवढंच.

ब्रिटन्स? टीसीचं लाकूड कॅसल एजपासून निम्मं, त्यामुळे बूमवाल्यांना मोह होतो. पण त्यांचं सैन्य तिरंदाजांचं. बॉडकिन (रेंज वाढवणारा अपग्रेड) घेतलेल्या साध्या क्रॉसबोची रेंज ७, मॅंगोनेलची ७, ब्रिटन्सच्या क्रॉसबोची ८. त्या एका चौकोनाच्या जादा रेंजचा फायदा तेव्हाच, जेव्हा तुमची नजर त्या वेळी सैन्यावर असते आणि दगड सुटला की तुम्ही पांगता. नजर घरी फार्मवर असेल तर ३५ हिटपॉइंटचे क्रॉसबो एका दणक्यात झोपतात आणि तो फायदा शून्य. तुमच्या वर्णनावरून हा सिव्ह तुमच्यासाठी नाही.

आणखी एक हिशेब, कारण मला वाटतं तुम्ही इथेही फसताय. एक टीसी दर २५ सेकंदांना ५० फूडचा व्हिलेजर (गावकरी) काढतो, म्हणजे मिनिटाला १२० फूड. तीन टीसी म्हणजे ३६०. एक शेतकरी ढोबळमानाने मिनिटाला वीसेक फूड आणतो, तर अठरा शेतकरी फक्त व्हिलेजर काढण्यावरच खर्च. दोन स्टेबलमधून सतत नाइट काढायचे तर मिनिटाला चार नाइट, २४० फूड आणि ३०० गोल्ड, म्हणजे आणखी बारा शेतकरी आणि डझनभर गोल्डवर. चाळीस व्हिलेजरवर हे दोन्ही एकदम होत नाही, सिव्ह कुठलाही असो. आधी टीसी, मग सैन्य. आणि मधल्या काळात तग धरायला भालेवाले, ३५ फूड आणि २५ लाकूड. गोल्ड लागत नाही.

घरं बांधायला विसरत असाल तर हूण बघा. त्यांना घरंच लागत नाहीत. इतरांना एका टीसीवर २०० लोकसंख्येपर्यंत ३९ घरं, म्हणजे ९७५ लाकूड. सुरुवातीला १०० लाकूड कमी मिळतं तेवढंच. माझा आक्षेप एकच: हूणांची सवय लागली की दुसरा सिव्ह घेतल्यावर पुन्हा घरांवर अडकायला होतं.

२०२२ च्या डायनॅस्टीज ऑफ इंडियामधले हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड, बंगाली आपल्याकडचे खूप जण आपुलकीने घेतात. घ्या, पण चौघांकडेही नाइट नाही हे आधी लक्षात ठेवा. द्रविडांना एज बदलताना दरवेळी २०० लाकूड मिळतं, बूमला छान आहे, पण घोडदळावर हात बसलेला माणूस त्यांच्यासोबत गोंधळतो. गुर्जरांचा फायदा मेंढ्या न खाता मिलमध्ये ठेवण्यात आहे. त्याला धीर हवा.

आकडे पॅचगणिक हलतात, त्यामुळे मी लिहिलेलंही खेळातल्या टेक ट्रीमध्ये (सिव्हकडे काय आहे, काय नाही त्या तक्त्यात) एकदा ताडून घ्या. तिथे काय आहे त्यापेक्षा फुली कशावर आहे ते आधी बघा. आणि हे सगळं अरेबियाबद्दल. अरिनावर (सुरुवातीलाच भिंती असलेल्या नकाशावर) किंवा पाण्याच्या नकाशावर उत्तर वेगळं येईल.

तुमच्या जागी मी ट्यूटन्स घेऊन सलग पंधरा गेम खेळेन, मध्ये हरलो तरी न बदलता. प्रत्येक गेमनंतर रेकॉर्डिंगमध्ये एवढंच बघा: कॅसलला पोहोचेपर्यंत टीसी किती वेळ रिकामा होता, आणि दुसरा टीसी पडला तेव्हा फार्म किती होते. आठ-दहापेक्षा कमी असतील तर दुसरा टीसी एक मिनिट उशिरा टाका, आधी फार्म पूर्ण करा.