जुन्या स्पोर्ट्स कारच्या किमती वाढतच जातात का? साडेसहा लाखांची कॉन्टेसा घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात नवी पेठेत कापडाचं दुकान आहे, पुण्यात १९९० ची एक कॉन्टेसा साडेसहा लाखांना मिळतेय, मध्यस्थ म्हणतोय की क्लासिक गाडी कधी खाली येत नाही, दहा वर्षांत तिप्पट होईल, आणि पैसे मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या रकमेतून काढायचा विचार आहे.

त्या रकमेला हात लावू नका. हे आधी सांगून टाकतो, बाकी सगळं नंतर.

मी सोलापुरातच मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे, गाडीची किंमत ठरवणं हे रोजचं काम. नव्या गाडीला तक्ता असतो: सहा महिन्यांच्या आत ५ टक्के घसारा, वर्षाच्या आत १५, असं करत पाचव्या वर्षी ५० टक्के. त्यापुढे तक्ताच नाही. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, कंपनीने आणि मालकाने आपसात ठरवायची. म्हणजे तिथून पुढे गाडीची किंमत एकाच गोष्टीवर उभी राहते: ती कोणाला हवी आहे आणि त्याच्याकडे पैसे किती आहेत. बहुतेक गाड्या कोणालाच नको असतात, त्या भंगारात जातात. काही थोड्या पंधरा-वीस वर्षं तळाशी पडून राहतात आणि मग हळूहळू वर येतात. मध्यस्थ तुम्हाला फक्त या वर आलेल्या दाखवतो.

यातली सगळ्यात गाजलेली घ्या, फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ मध्ये छत्तीसच्या आसपास बनल्या. नवी असताना अमेरिकेत साधारण १८ हजार डॉलरला मिळायची. शर्यतीचे नियम आणि तंत्र पुढे गेलं तशी ती एक जुनी, गोंगाट करणारी, दमलेली रेसची गाडी होऊन बसली. त्यातली एक टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया नावाच्या गावी हायस्कूलला देऊन टाकली होती, पोरांना मेकॅनिकचं काम शिकायला! शाळेने ती १९७२ मध्ये साडेसहा हजार डॉलरला विकली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या लिलावात अशाच एका जीटीओला ४ कोटी ८४ लाख डॉलर आले.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. मधला तुकडा कोणी सांगत नाही. १९८८ मध्ये कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी वारले. त्याच काळात जपानमध्ये जमिनी आणि शेअर फुगले होते, येन मजबूत होता, बँका सढळ हाताने कर्ज देत होत्या. फेरारींचे भाव वेड्यासारखे चढले आणि जीटीओ एक कोटी डॉलरच्या वर गेली. मग फुगा फुटला. कर्जावर घेतलेल्या गाड्या एकदम विकायला आल्या आणि १९९४ पर्यंत जीटीओ २७ लाख डॉलरपर्यंत खाली आली. गाडी तीच, इंजिन तेच.

आता याचा हिशोब करून बघा. १९६२ मध्ये नवी घेऊन २०१८ पर्यंत ठेवणाऱ्याला वर्षाला साधारण १५ टक्के पडले. १९९४ च्या पडत्या भावात घेणाऱ्याला १३ च्या जवळपास. आणि १९८९ मध्ये एक कोटीला घेणाऱ्याला? साडेपाच टक्के. तेही डॉलरमध्ये, विमा, दुरुस्ती, गोदाम यांचा खर्च न धरता, आणि मधली पाच वर्षं पाऊण पैसा बुडालेला बघत. जगातल्या सगळ्यात महाग गाड्यांपैकी एकीची ही कथा. कॉन्टेसाची गोष्ट वेगळी कशी असेल?

भाव का चढतो याचं मला पटलेलं उत्तर एकच आहे. माणसाला पंधरा-सतराव्या वर्षी जी गाडी भिंतीवर चिकटवावीशी वाटते, ती तो पंचेचाळीस-पन्नाशीला विकत घेतो. तेव्हा कर्ज फिटलेलं असतं, पोरं मोठी झालेली असतात. म्हणून महायुद्धाच्या आधीच्या साध्या गाड्यांना आज पूर्वीसारखं गिऱ्हाईक नाही. त्यांच्यावर जीव टाकणारी पिढीच संपत आली. १९६१ मध्ये आलेल्या जॅग्वार ई-टाइपचे चाहते आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि विकायच्या बाजूला उभे आहेत. उलट निसान स्कायलाइन जीटी-आर बघा. अमेरिकेत तिथल्या नियमांत न बसणारी परदेशी गाडी २५ वर्षं झाल्यावरच सरळ आणता येते. १९९९ मध्ये आलेलं तिचं आर३४ मॉडेल त्या हिशोबाने २०२४ मध्ये मोकळं झालं, पण जपानमधले भाव त्याच्या कितीतरी आधीच वर गेले, कारण व्हिडिओ गेममध्ये ती चालवत वाढलेली पोरं कमवायला लागली होती.

पोर्श ९११ चंही तसंच. १९९८ मध्ये हवेने थंड होणारं इंजिन बंद करून कंपनीने पाण्याने थंड होणारं आणलं. जुन्या ९११ तेव्हा फक्त वापरलेल्या गाड्या होत्या. पंधरा-एक वर्षांनी लोकांच्या लक्षात आलं की तो आवाज आता नव्याने मिळणार नाही, आणि भाव उठले. त्याला व्याजदरांनीही हात दिला. २००८ च्या मंदीनंतर पाश्चात्त्य देशांत बँकेत पैसे ठेवून काहीच मिळेना, तेव्हा पैसेवाले गाड्यांकडे वळले. कोरोनाच्या काळात आणखी एक उसळी आली, मग व्याज वाढलं आणि बाजार गारठला. जुनी गाडी घरबसल्या व्याज देत नाही, त्यामुळे बँकेचा दर वर गेला की तिची ओढ कमी होते.

एक सावधगिरी. २०२० च्या जानेवारीत १९७१ ची एक डॅटसन २४०झेड ऑनलाइन लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली. त्या दिवसापासून गंजलेली डॅटसन बाळगणारा प्रत्येकजण स्वतःला लखपती समजायला लागला असणार. पण ती फार कमी चाललेली, मूळ रंगाची होती. मूळपणाला किंमत केवढी असते ते फ्रान्समध्ये दिसलं: वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर २०१५ मध्ये पॅरिसला १ कोटी ६३ लाख युरोला विकली गेली, धुळीसकट. आपल्याकडे उलटं. विकायच्या आधी चकचकीत लाल रंग, नवे अलॉय, सीटला रेक्झिन. तुम्हाला ती कॉन्टेसा 'एकदम फुल रिस्टोर' म्हणून दाखवत असतील, तर मी म्हणेन भाव तिथेच कमी करा.

भारताचा बाजार वेगळा आहे. परदेशातून जुनी गाडी आणणं नियमांमुळे आणि ड्यूटीमुळे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या आवाक्यात नाही, म्हणून इथे जे विकलं गेलं तेवढ्यातच खेळ. खऱ्या स्पोर्ट्स कार नव्हत्याच फारशा. पण तत्त्व तेच. राजदूत ३५० मोटारसायकल आठवते का? १९८३ ला आली, मायलेज ऐकून लोक पळाले, दहा वर्षंही टिकली नाही. आज चांगली मिळाली तर लाखांत बोली लागते. तेव्हा जी घेणं परवडलं नाही, तिच्याचसाठी आता लोक झुरतात.

कॉन्टेसा या यादीत नक्की बसते. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ ते २००२ दरम्यान बनवली, मूळ सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा. ती बघत वाढलेले लोक आज पंचेचाळीस ते पंचावन्नच्या घरात आहेत. म्हणजे भाव आत्ताच चढलेला आहे, तुम्ही तळाशी नाही घेत आहात. दहा वर्षांनी हे गिऱ्हाईक साठीत असेल आणि गुडघ्यांना पॉवर स्टिअरिंग लागेल. आत्ताचा पंचविशीतला मुलगा तेव्हा कॉन्टेसा मागेल की जुनी होंडा सिटी व्हीटेक? माझा डाव व्हीटेकवर.

तरी समजा मध्यस्थ म्हणतो तशी तिप्पट झाली, साडेएकोणीस लाख. गाडी ताब्यात घेतल्यावर पत्रा, रंग, वायरिंग, ब्रेक यांना तीन लाख धरा, पुढे वर्षाला पन्नास हजार. माझ्या अंदाजाने हे आकडे फार नाहीत. त्या हिशोबात परतावा वर्षाला चार टक्क्यांच्याही खाली येतो. एफडी बरी. शिवाय सोनं सराफाकडे तासाभरात मोडतं. कॉन्टेसाचं गिऱ्हाईक शोधायला सहा महिने जातात, आणि कॉलेजची फी भरायची तारीख तोवर थांबत नाही.

स्वतःच्या हौसेचे वेगळे पैसे असतील तर मात्र घ्या, मी अडवणार नाही. आपल्या हवेचा फायदा आहे: कोकणासारखा गंज इथे चढत नाही. तोटा मे महिन्यात कळतो, ४३-४४ अंशांत डॅशबोर्ड तडकतो, रबरं कडक होतात. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांचं. जुन्या होज आणि कार्ब्युरेटरच्या गॅस्केटला ते सोसत नाही, आणि गाडी उभी राहिली की टाकीत पाणी धरतं.

बघायला जाताना रंग बघू नका. कार्पेट उचलून फ्लोअर बघा, डिकीत स्टेपनीची जागा बघा. इंजिन इसुझूचं १८०० सीसी असेल तर उत्तम. सुरुवातीच्या काळातलं १५०० सीसी या वजनाला अपुरं पडतं. इंजिन आणि चॅसिस नंबर आरसीशी ताडून घ्या. १९९० ची म्हणजे २००५ पासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण झालेलं असायला हवं; एखादं राहिलं असेल तर ते आधी मालकाकडूनच करून घ्या. 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज पाटी मिळेल असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या, ती ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला मिळते, म्हणजे हिला २०४० मध्ये. आणि विमा घेताना ठरलेली किंमत पॉलिसीवर लिहून घ्या, सोबत फोटो आणि बिलं जोडा. नाहीतर गाडी ठोकली गेल्यावर माझ्यासारखा कोणीतरी येऊन तिला साठ हजारांची ठरवून जाईल.