गरम झाली की बंद पडणारी पद्मिनी, आणि इतर प्रश्न

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी सकाळी पहिल्या स्टार्टला उठते. पण उन्हात तासभर चालवून सिग्नलला थांबलो की गचके देऊन बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते. कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला, फरक नाही. (वाचक, सोलापूर)

उत्तर : कार्बोरेटर तिसऱ्यांदा उघडू नका. गाडी जिथे बंद पडेल तिथेच, गरम असतानाच तपासा. इंजिन थंड झाल्यावर हा दोष सापडत नाही.

आधी पेट्रोल. एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात वरून पाहत हाताने अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात ओढा. आत पेट्रोलची बारीक चिळकांडी दिसली पाहिजे. ती आली तर पेट्रोल पोचतंय, दोष इग्निशनचा. नाही आली तर पेट्रोल वाटेतच अडलंय.

चिळकांडी दिसली असेल तर एअर क्लीनर परत बसवा, उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी नको. डिस्ट्रिब्युटर कॅपमधली मधली वायर काढा, इन्सुलेटेड पकडीने तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून 6-7 मिमीवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकडीत ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर पहिला संशय डिस्ट्रिब्युटरच्या कंडेन्सरवर, दुसरा इग्निशन कॉइलवर. दोन्ही थंडपणी ठीक चालतात आणि तापले की दगा देतात. कंडेन्सर स्वस्त आहे, एक नवा डिकीत कायम ठेवा. बदलताना सीबी पॉइंटही (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क) पाहा : गॅप साधारण 0.45 मिमी, फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून. पॉइंट एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खड्डा असे झाले असतील तर घासत बसू नका, नवे घाला.

पेट्रोलच अडत असेल तर हा व्हेपर लॉक. पद्मिनीचा एसी पंप, म्हणजे इंजिनावर चालणारा पेट्रोलचा पंप, इंजिनच्या ब्लॉकलाच बोल्ट केलेला असतो, त्यामुळे ब्लॉकची उष्णता थेट पंपात येते. सिग्नलला उभं असताना वारा नाही, पंपातलं पेट्रोल उकळतं, आणि पंप वाफ ढकलत बसतो. त्यावर आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. ते गरमीत या त्रासात भरच घालतं. रस्त्यात तात्पुरता उपाय : पंपावर आणि पंपाच्या पाइपवर ओलं फडकं टाका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. कायमच्या उपायासाठी पंपाखालचा, उष्णता अडवणारा बेकेलाइटचा ठोकळा शाबूत आहे का ते बघा. अनेक गाड्यांत तो तुटल्यावर नुसतं गॅस्केट लावून पंप बसवलेला सापडतो. ठोकळा मूळ जाडीचाच घ्या. जाडी बदलली की पंपाच्या दांड्याचा स्ट्रोक बदलतो आणि प्रेशर बिघडतं. पाइप मॅनिफोल्डला खेटून जात असेल तर लांबून फिरवून घ्या.

इथेनॉलसाठी आणखी एक काम याच खेपेला उरकून घ्या. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचं किट इथेनॉल चालणाऱ्या मालाचं घाला. जुनं रबर आधी फुगतं, मग चिरतं, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. आग लागायला तेवढं पुरे. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवतं, म्हणून पारदर्शक फिल्टर लावा आणि पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर बदला. गाडी चढावर कमी ओढत असेल, कार्बोरेटरमधून फट्‌फट् होत असेल आणि प्लग पांढरे पडत असतील तर मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा लावून पाहा. प्लगचा रंग बिस्किटासारखा आला की थांबा.

शेवटी, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आहे का? "आपल्याकडे गरज नाही" म्हणून तो काढून टाकायची रीत गॅरेजमध्ये फार आहे आणि ती चुकीची आहे. त्याच्याविना इंजिन सकाळी तापायला फार वेळ घेतं, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, सिलिंडर झिजतात. या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे; बोअरवेलचं पाणी त्याला आतून खातं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला.

प्रश्न : वडिलांची पद्मिनी तीन वर्षं शेडमध्ये उभी आहे. नवी बॅटरी लावून थेट सेल्फ मारला तर चालेल का? (वाचक, मडगाव)

उत्तर : नका मारू. कोरड्या सिलिंडरमध्ये रिंगा चिकटलेल्या असू शकतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी हँडलने हळू फिरवा. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल सोडून थांबा. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. इंजिन ऑइल आणि फिल्टर नवा, 20डब्ल्यू-50 योग्य. प्लग बाहेर असतानाच सेल्फ मारून ऑइल प्रेशरचा दिवा विझू द्या, मग प्लग 0.6 मिमी गॅपने बसवा.

इंजिनाहून जास्त काळजी ब्रेकची करा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात. चारही ड्रम उघडा, रबरं बदला, डॉट 3 ऑइल भरून हवा काढा. टायरला नक्षी भरपूर असली तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा : पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. सात वर्षांवरचे टायर घेऊन हायवेला जाऊ नका. आणि तुमच्याकडची खारी हवा पाहता कार्पेट उचलून फ्लोअर आणि दारांच्या खालच्या कडा टोचून बघा.

प्रश्न : स्टेअरिंगवरचा गिअर पहिल्यात टाकताना करकरतो. गिअरबॉक्स उघडावा लागेल का? (वाचक, सातारा)

उत्तर : गाडी हलत असताना करकरत असेल तर दोष नाही, पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचे वेग जुळवून देणारी यंत्रणा) नाहीच. पूर्ण थांबून टाका. हलत्या गाडीत हवाच असेल तर डबल क्लच : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा अ‍ॅक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून पहिला. जमलं की गिअर बोटांनी सरकतो, आणि या गाडीची खरी मजा त्यातच आहे. उभ्या गाडीतही करकरत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, आधी त्याची सेटिंग बघा. दांडा खूप डुलत असेल तर लिंकेजचे बुश झिजलेत. गिअरबॉक्स न उघडता ते बदलतात.

खंबाटकीसारख्या घाटात उतरताना ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. चारही ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की तापून पकड सोडतात. तेव्हा पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही.

प्रश्न : 1972 ची फियाट आहे. व्हिंटेज नोंदणी घ्यावी का? (वाचक, पुणे)

उत्तर : 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी पात्र ठरते. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो, नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात "व्हीए" येतं. शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरण 5,000. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला रविवारी घरच्यांना घेऊन सिंहगडाकडे जायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा आणि दर पाच वर्षांनी फिटनेस करून ती वाढवत राहा.