सराट्याचा काटा आणि फिंचची चोच

प्रश्न : मी सहावीला विज्ञान शिकवते. चोच आणि अन्न यांचा संबंध समजावा म्हणून मी मुलांपुढे चिमटा, सांडशी आणि ड्रॉपर मांडले व कोणत्या खाद्याला कोणती ‘चोच’ सोयीची ते शोधायला सांगितले. खेळ रंगला, पण शेवटी एका मुलाने विचारले, “दाणे संपले आणि तळ्यात फक्त मासे उरले, तर चिमणी आपली चोच खंड्यासारखी लांब करून घेईल का?” त्याला काय सांगावे?

उत्तर : ‘नाही’ असेच स्पष्ट सांगावे. मुलाचा हा समज खेळाच्या मांडणीतूनच आला आहे, कारण खेळात हवे ते साधन उचलता येते, तर पक्ष्याला मात्र वारशाने मिळालेल्या चोचीवरच भागवावे लागते.

याचे उत्तम उदाहरण पॅसिफिक महासागरातील गालापागोस बेटांवरचे आहे. तेथील डॅफ्ने मेजर या लहानशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ दांपत्य १९७३पासून फिंच या चिमणीसारख्या लहान पक्ष्यांच्या चोची मोजत होते. १९७७ साली तेथे पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मऊ, बारीक बिया पक्ष्यांनी लवकरच संपवल्या आणि उरली ती मुख्यतः मोठी, टणक फळे. त्यांतले एक तर आपल्या ओळखीचे आहे : माळरानावर अनवाणी पायात रुततो आणि सायकल पंक्चर करतो, त्या सराट्याचेच (गोखरूचे) ते भावंड. त्याचे काटेरी कवच फोडून आतली बी काढायला उंच (म्हणजे वरपासून खालपर्यंत जाड), दणकट चोच लागते. मध्यम भू-फिंच या तिथल्या फिंचांच्या एका जातीचे सुमारे ८५ टक्के पक्षी त्या दुष्काळात नाहीसे झाले. जगले त्यांच्या चोचीची सरासरी उंची आधीच्यापेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर जास्त होती. एकाही पक्ष्याने चोच वाढवून घेतली नव्हती. दणकट चोचीचे पक्षी अधिक प्रमाणात तगले आणि तीच ठेवण त्यांच्या पिल्लांत उतरली.

तेव्हा खेळाचा एक नियम बदलावा. प्रत्येकाला चिठ्ठी टाकून एकच साधन द्यावे आणि ते बदलू देऊ नये. चटईवर थोडे मूग आणि पुष्कळ अख्ख्या भुईमुगाच्या शेंगा पसराव्यात. मूग उचलला तरी चालेल, शेंग मात्र साधनानेच फोडलेली हवी. (अडकित्ता मुलांच्या हाती देऊ नये, सांडशी पुरे.) एका मिनिटात ठरलेले खाद्य न मिळवणारा बाद, आणि त्याच्या जागी येणाऱ्या ‘पिल्ला’ला टिकून राहिलेल्यांपैकी एखाद्याचे साधन मिळेल. तीन-चार डावांत वर्गात सांडश्यांची संख्या वाढलेली दिसेल, आणि एकाही सांडशीचा आकार बदललेला नसेल.

त्यानंतर शेंगा काढून घेऊन नुसता राजगिरा पसरावा. डॅफ्ने मेजरवर १९८३च्या अतिवृष्टीनंतर बारीक बियांचे असेच पीक आले आणि पुढच्या टंचाईत लहान चोचीच्या फिंचांचे पारडे जड झाले. वर्गातही या वेळी सांडशीवाले बाद होऊ लागतील.