सासूबाईंची रोझरी आणि आईची दुसरी आज्ञा

"मावशी, माझं माहेर नगरचं, आम्ही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) चर्चचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. लग्न होऊन वसईला आले, सासर कॅथलिक. माणसं प्रेमळ आहेत, जाच असा काही नाही. पण रोज संध्याकाळी सासूबाई मरियामातेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून सगळ्यांना रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला बसवतात. मी बसते आणि नुसते ओठ हलवते. आई फोनवर विचारते, दुसरी आज्ञा विसरलीस का, मूर्तीपुढे गुडघे टेकतेस? धाकटी बहीण एका प्रार्थना-गटात जायला लागली आहे. तिचं म्हणणं, घरातून ती मूर्ती जात नाही तोवर आशीर्वाद येणार नाही, आणि मागच्या वर्षी माझा गर्भपात झाला तोही त्यामुळेच. सासूबाईंनी मात्र दुसऱ्या बाळासाठी वांद्र्याच्या माउंट मेरीला नवस बोललाय : सप्टेंबरच्या जत्रेत मी माझ्या हाताने मेणाचं बाळ वाहायचं. नवरा म्हणतो, करून टाक, काय जातंय? परवा पाच वर्षांच्या लेकीने विचारलं, मम्मी, तू रोझरीत गप्प का असतेस? वर शेजारच्या काकू हसून म्हणतात, एक देव म्हणता आणि तुमच्यातही बाप, मुलगा, आत्मा असे तीन आहेतच की! मी खरंच एका देवाशी बेइमानी करतेय का?"
– एक सून, वसई

पोरी,

आधी बहिणीचं बोलणं निकालात काढू, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त दुखणारी जागा तीच आहे. सुरुवातीच्या महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे होतात, त्यात आईचा काही दोष नसतो. आणि वैद्यक बाजूला ठेवलं तरी, बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात की पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. ज्याच्या नावाने बहीण बोलते आहे त्यानेच हा हिशेब नाकारलाय. हे वाक्य तिने पुन्हा काढलं तर फोन ठेवून दे. बहीण आहे म्हणून सगळं ऐकून घ्यायचं असं काही नाही.

आता आज्ञा. तुमच्या घरात एक गंमत चालली आहे, ती बहुधा कोणाच्याच लक्षात आलेली नाही. आईची दुसरी आज्ञा आणि सासूबाईंची दुसरी आज्ञा एक नाहीत. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आज्ञा दहा आहेत हे सगळ्यांना मान्य, पण त्यांच्यावर आकडे घातलेले नाहीत. तुझ्या माहेरच्या परंपरेत 'दुसरे देव नकोत' ही पहिली आणि 'कोरीव मूर्ती करून तिच्या पाया पडू नका' ही दुसरी. कॅथलिक मंडळी संत ऑगस्टीनच्या मोजणीने जातात. त्यात ही दोन्ही वाक्यं पहिल्याच आज्ञेत येतात, दुसरी म्हणजे देवाचं नाव व्यर्थ घेऊ नका, आणि दहाचा आकडा भरायला शेवटची लोभाची आज्ञा दोन भागांत मोडतात. लुथरन प्रॉटेस्टंट असूनही याच मोजणीने चालतात. तेव्हा आई 'दुसरी आज्ञा मोडलीस' म्हणते ते सासूबाईंच्या कानावर गेलं, तर त्यांना वाटेल सुनेने देवाची खोटी शपथ घेतली!

आकड्यांनी प्रश्न सुटत नाही, हे मलाही कळतं. मूर्तीला नमस्कार चालतो की नाही, हा वाद ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतकं घातलाय. ७८७ मध्ये नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने ठरवलं की चित्रांना-प्रतिमांना मान द्यावा, पण खरी उपासना एकट्या देवाची. १५६३ च्या डिसेंबरात ट्रेंटच्या परिषदेने तेच पुन्हा सांगितलं आणि वर जोडलं की प्रतिमेत काही देवपण किंवा शक्ती आहे असं मानून तिच्याकडे काही मागायचं नाही. त्याच १५६३ साली जर्मनीत हायडलबर्गची प्रश्नोत्तरी छापली गेली, तिने संतांची प्रार्थना करणं साफ मना केलं. एकाच वर्षात, एकच बायबल हातात धरून. तुझी आई आणि सासूबाई तेव्हापासूनचं भांडण चालवताहेत, आणि खरं सांगू, दोघीही चांगल्या संगतीत आहेत.

मी स्वतः प्रॉटेस्टंट घरातली आहे, रोझरी म्हणत नाही. तरीही मला वाटतं तुझ्या आईने रोझरी एकदा नीट ऐकावी. 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला आहे : गब्रीएल दूताचं मरियेला अभिवादन आणि तिची नातलग अलीशिबा हिचे उद्गार. ही वचनं नगरच्या चर्चमध्ये दर नाताळाला वाचली जातात. दुसरा अर्धा भाग पुढे जोडला गेला, १५६८ च्या रोमन प्रार्थनापुस्तकात तो आजच्या रूपात पक्का झाला. त्यात मरियेकडे मागणं एकच आहे : आम्हा पाप्यांसाठी प्रार्थना कर, आता आणि मरणाच्या वेळी. 'तू दे' असं त्यात कुठेच नाही. बाकी उरते ती प्रभूची प्रार्थना आणि पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचा गौरव, आणि मणी ओढताना मनात आणायचे प्रसंग, तेही बहुतेक येशूच्याच आयुष्यातले.

तुझ्या माहेरचा आक्षेपही पोकळ नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो, देव एक आणि देव व माणसं यांच्यातला मध्यस्थही एकच, ख्रिस्त येशू. मग आणखी कोणाला मधे कशाला घालायचं? कॅथलिक त्यावर सांगतात, मंडळीतल्या बहिणीला 'माझ्यासाठी प्रार्थना कर' म्हणतेस तेव्हा तू मध्यस्थ वाढवतेस का? प्रॉटेस्टंट म्हणतात, ती बहीण जिवंत आहे, फोन उचलते. मग कॅथलिक मक्काबींचं पुस्तक उघडतात, जिथे मेलेला संदेष्टा यिर्मया लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो. पण ते पुस्तक तुझ्या आईच्या ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये नाहीच, सासूबाईंच्या ७३ मध्ये आहे. वचनं फेकून कोणी जिंकेल अशी आशा सोडून दे.

मला या सगळ्यात एक गोष्ट कामाची वाटते, ती दोन्ही बायबलांत आहे. रानात साप चावून इस्राएली लोक मरू लागले तेव्हा देवाच्याच सांगण्यावरून मोशेने पितळेचा साप करून खांबावर लावला. ज्याने त्याच्याकडे पाहिलं तो वाचला. हे गणना २१ मध्ये. पुढे कित्येक पिढ्यांनी, २ राजे १८ मध्ये, राजा हिज्कीया तोच साप फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते. वस्तू तीच. एकदा देवाने करायला लावली, एकदा देवाला आवडेल असं करणाऱ्या राजाने मोडली. मधल्या काळात बदललं ते लोकांचं मन. बहिणीला ही गोष्ट अर्धीच माहीत असणार, फोडण्याची. आणि दुसऱ्याच्या घरातली मूर्ती हलवण्याचा अधिकार हिज्कीयाला होता तसा तुला नाही. तू राजा नाहीस, सून आहेस.

तेव्हा स्वतःला विचारायचा प्रश्न हा : शेवटी देणारा कोण, असं मी मनात धरते? मेणबत्तीपुढे बसूनही उत्तर 'देव' असेल तर तू कोणाशी बेइमानी करत नाहीस. हा धोका कॅथलिकांनाही ठाऊक आहे, बरं का. चौथ्या शतकात अरबस्तानात काही बायका मरियेच्या नावाने पोळ्या वाहू लागल्या होत्या. बिशप एपिफानियस त्यांच्यावर तुटून पडला आणि त्याने बजावलं की मरियेला मान द्या, पण उपासना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचीच.

ओठ हलवणं मात्र थांबव. तुझ्या पत्रातलं मला खटकलेलं हेच. विश्वास नाही ते म्हटल्याचं सोंग करणं देवाशीही बरं नाही आणि सासूबाईंशीही. रोझरीला बैस. प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हण, गौरव म्हण, 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग म्हण, तो लूकचाच आहे. दुसऱ्या अर्ध्याला गप्प राहा. गुडघे टेकायला मन घेत नसेल तर खुर्चीवर बैस. आणि हे सासूबाईंना आधी सांग, त्यांना रोझरीच्या मधे कळायला नको. "आई, आमच्याकडे संतांना प्रार्थना करत नाहीत, म्हणून तेवढ्याला मी गप्प असते. पण तुमच्याबरोबर बसायला मला आवडतं." दुसरं वाक्य खरं नसेल तर म्हणू नकोस. पत्रावरून मला ते खरं वाटलं.

मेणाच्या बाळाचं प्रकरण वेगळं आहे, तिथे मी तुला सैल सोडणार नाही. माउंट मेरीला ८ सप्टेंबरच्या सणानंतर जत्रा भरते, रस्त्यावर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात, आणि सगळ्या धर्मांचे लोक ती घेऊन टेकडी चढतात. मी त्यांना हसत नाही. दुखणं घेऊन चढणाऱ्या माणसाला हसणारा माणूस मला आवडत नाही. पण तुझ्या मनात शंका आहे, आणि रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल साफ सांगतो की विश्वासाने न केलेलं ते पाप. तो तिथे बोलतोय खाण्यापिण्याबद्दल. एक जण सगळं खातो, दुसऱ्याचं मन खात राहतं, आणि पौल म्हणतो, ज्याचं मन खातं त्याने खाऊ नये. दुसऱ्या कुणाला ते पाप नसेलही, तुला आहे. म्हणून नवऱ्याचं 'काय जातंय' चुकीचं. तुझं जातंय.

सासूबाईंना दुखवायचीही गरज नाही, कारण त्यांच्याच चर्चचा कायदा तुझ्या बाजूने आहे. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये कलम ११९१ म्हणतं की नवस म्हणजे देवाला दिलेलं वचन. देवाला. आणि ११९३ म्हणतं, नवस ज्याने बोलला त्यालाच बांधतो. सासूबाईंनी बोलला, सासूबाईंनी फेडायचा. सुनेच्या हातून फेडून घेण्याची सोय त्यात नाही. हे तू सांगशील तर उद्धटपणा वाटेल, म्हणून तुमच्या पॅरिशच्या फादरांकडे दोघी मिळून जा आणि त्यांना विचारा. ते हेच सांगतील. मग जत्रेला त्यांच्याबरोबर जरूर जा. गर्दीत त्यांचा हात धर, चढावर पिशवी घे, त्या मेणाचं बाळ वाहतील तेव्हा शेजारी उभी राहून तुझ्या पद्धतीने थेट देवबापाजवळ माग. बायबलमधल्या हन्नाने मूल मागायला शिलोच्या मंदिरात तेच केलं होतं. एली याजकाला वाटलं बाई प्यायलीय, कारण ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. तिथे ओठ हलवायला हरकत नाही, कारण ती मनातलं बोलत होती.

शेजारच्या काकूंचं थोडक्यात. त्या चेष्टा करत असतील तर हसून सोडून दे. खरंच विचारत असतील तर म्हण, आम्ही देव तीन म्हणत नाही. येशूला सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारलं तेव्हा त्याने सुरुवातच 'हे इस्राएल, ऐक, प्रभू एकच आहे' इथून केली, मार्क १२ मध्ये आहे. आणि बाप्तिस्मा पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या 'नावाने' असतो, नावांनी नाही. ३२५ साली नायसियात एवढं पक्कं केलं की पुत्र पित्याहून कमी दर्जाचा कोणी छोटा देव नाही, दोघांचं सत्त्व एकच. हे कसं, ते कुठल्याही उपमेने नीट समजत नाही, आणि जो समजलं म्हणतो तो बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या पाखंडात पडलेला असतो. काकूंना चहा दे.

आता तुझा नवरा. तुझ्या पत्रात त्याच्या वाट्याला एक वाक्य आलंय, आणि ते बिनकामाचं आहे. चर्चमध्ये लग्न करताना त्याने लेखी वचन दिलं असणार की मुलं कॅथलिक वाढवण्यासाठी मी होईल तेवढं करीन, आणि तुला त्याची कल्पना दिली गेली असणार. कॅनन ११२५ तसं सांगतं. म्हणजे घरात दोन पद्धती असणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आता 'मधे पडत नाही' म्हणून चालणार नाही. त्याच्या आईशी पहिलं बोलणं त्याने करायचं, तू मागून. आणि नव्या बाळासाठी डॉक्टरांच्या तपासण्या राहिल्या असतील तर त्या दोघांच्या करा, एकट्या तुझ्या नाहीत. प्रार्थना दोन्ही घरांत चालू द्या, तपासणीने कोणाचीही प्रार्थना खोटी पडत नाही.

लेकीला खरं सांग, पाच वर्षांच्या मुलीला कळेल एवढंच. "आजी मरियामातेला सांगते की आमच्यासाठी देवाजवळ माग. मम्मी देवाला स्वतःच सांगते. देव दोघींचं ऐकतो." आजी चुकते असं तिच्यासमोर म्हणू नकोस, आणि आजीनेही 'मम्मीला येत नाही' असं म्हणू नये, हे नवऱ्याकरवी सांगून ठेव. नाताळात नगरला जाशील तेव्हा तिला चर्चमध्ये ने, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर ऐकू दे. तिचा बाप्तिस्मा कॅथलिक पद्धतीने झाला असेल, पण ज्या नावाने झाला त्याच नावाने तुझाही झालाय. तुझा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करतं, म्हणूनच लग्नाच्या वेळी तुला पुन्हा पाणी घ्यायला कोणी सांगितलं नाही. आईला फोनवर हे आधी सांग, रोझरीचं नंतर. आणि मग तिला एकदा वसईला बोलाव, चार दिवस राहू दे. संध्याकाळी ती बसली नाही तरी चालेल, स्वयंपाकघरातून ऐकू येतंच.

– मावशी