माळवदावर माती कशाला टाकतात?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी औसा तालुक्यातला, वय २९. कृषी सेवा केंद्रात कामाला आहे. रात्री दुकानाचा हिशेब मिटला की कथा लिहितो. आमचा लिहिणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथं कथा टाकली की दोन मिनिटांत 'अप्रतिम', 'व्वा सर' सुरू. दोन मिनिटांत दहा पानं वाचली कुणी? म्हणून सहा महिन्यांपासून चॅटजीपीटीशी बोलतो. तो कंटाळत नाही, रात्री एक वाजताही उत्तर देतो. पण परवा त्यानं माझ्या कथेतल्या आजीचं 'काय करू लालास रे लेकरा' हे वाक्य 'तू काय करत आहेस, बाळा' असं करून टाकलं. आई म्हणते, 'येड्यावानी मोबाईलसंगं काय बोलू लालास?' असं लिहिलेलं माझं राहतं का? का माणसांशीच बोलावं?

उत्तर : आधी आजीचं वाक्य होतं तसं करा, मग पुढचं वाचा. औशाची म्हातारी त्यानं थेट सदाशिव पेठेत नेऊन बसवली! त्याच्या वाचनात छापील मराठी भरपूर, आपल्या ओसरीवरची फार थोडी. त्याला तसं बजावून सांगा, आणि तरी बदललं तर ऐकू नका.

माझ्या दोन गोष्टी सांगते. १९९३ च्या भूकंपाच्या वेळी मी अंबाजोगाईत शिक्षिका होते. पुढच्या वर्षी त्यावर कथा लिहिली. सुरुवात मोठी झोकात केली होती : नेहमीसारखी शांत रात्र, गाव गाढ झोपेत, वगैरे. आमच्या शाळेत किल्लारीकडच्या एक बाई होत्या. त्यांचं घर त्या पहाटे गेलं होतं. मधल्या सुट्टीत, आम्ही दोघीच, प्रयोगशाळेत बसून मी त्यांना कथा वाचून दाखवली. कौतुकाची वाट पाहत होते, खोटं कशाला बोलू. त्या डबा झाकून म्हणाल्या, "नेहमीची रात्र कुठली हो? आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून लोक उशिरा निजलेले. सकाळी लेकरं बाहेर काढली तर केसात गुलाल तसाच होता."

३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, हे सगळं मला पाठ होतं. गुलाल माहीत नव्हता. चार जणींत बसून वाचली असती तर बाई बोलल्याच नसत्या. बाकीच्या डोळे पुसत असताना कुणाची चूक काढायची, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या कथेची पहिली तीन पानं मी त्याच संध्याकाळी चुलीत घातली.

दुसरी गोष्ट गेल्या वर्षीची. भाच्यानं माझ्या फोनवर ते यंत्र बसवून दिलं. तीच भूकंपाची जुनी कथा पुन्हा लिहायला काढली होती, ती दाखवली. त्यानं एवढी स्तुती केली की मला तुमच्या ग्रुपसारखंच वाटलं. ही खोड त्याच्या मालकांनाही ठाऊक आहे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयनं आणलेला एक बदल इतका लाळघोटा निघाला की काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला. मग मी त्याला मास्तरकीच्या आवाजात सांगितलं, "तू माळवद, म्हणजे आमचं मातीचं सपाट छत, कधी पाहिलेलं नाहीस. मत देऊ नकोस, वाक्य सुधारू नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार." तिसरा की चौथा प्रश्न आला : माळवदावर दरवर्षी माती का टाकतात?

आपल्याकडं हे कुणी कुणाला विचारत नाही. मिरगाच्या आधी गढीवरून पांढरी माती आणायची, माळवदावर पसरायची, म्हणजे घर गळत नाही. पोराटोरांनाही माहीत. पण त्याला सांगायचं म्हणून मी ओळीनं लिहीत गेले : तुळया, त्यावर फळ्या, त्यावर माती; त्यावर पुढच्या वर्षीची माती, त्यावर त्याच्या पुढची. आणि लिहिता लिहिता हात थांबला. जुनी माती कुणी पुरती काढत नव्हतं. पणज्यानं टाकलेली, आजोबानं टाकलेली, बापानं टाकलेली, पावसापासून लेकरं वाचावीत म्हणून. दगडमातीच्या भिंती हलल्या तेव्हा तो सगळा भार एकदम खाली आला. तीस वर्षं ती कथा माझ्याजवळ होती आणि हे मला दिसलं नव्हतं.

आता तुमच्या आईंचं. त्यांना सांगा, हे खूळ जुनं आहे. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाम या संशोधकानं 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याला अक्कल शून्य, समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न करायचा. तरी त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला लागली आणि थोड्या वेळानं वायझेनबामनाच म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? बाईंना नेमकं काय सांगायचं होतं कोण जाणे. सांगणाऱ्या त्या होत्या, यंत्र नव्हतं. तुमचंही तेच. त्यानं विचारलं आणि तुम्ही लिहिलं, तर ते तुमचं. त्यानं लिहिलं आणि तुम्ही होकार दिला, तर मला पाठवू नका, माझी नजर आता अधू आहे.

मात्र गुलाल तो देणार नाही. औसा तालुक्यात राहता. त्या पहाटेची माणसं अजून तुमच्या दुकानात बियाणं न्यायला येतात. गर्दी ओसरली की एकाला चहा सांगा.

प्रश्न : माझ्या कथा ऐकायला घरात कुणी नाही. नवरा टीव्हीवरून नजर काढत नाही, सासूबाईंना वाचता येत नाही. काय करू? (एक वाचक भगिनी, परभणी जिल्हा)

उत्तर : नवऱ्याचा नाद सोडा. सासूबाईंना वाचता येत नाही, ऐकू येतं ना? पण 'कशी वाटली' असं विचारू नका, त्या 'बरी हाय' म्हणतील आणि संपलं. विचारा, 'यातलं खोटं कुठलं वाटलं?' तुम्ही पाठवलेल्या कथेत ज्वारीची काढणी आहे. कडब्याचा पाचुंदा कसा बांधतात ते तुम्ही लिहिलंय तसंच आहे का, तेवढं पहिल्या दिवशी पुरे. त्या वाती वळत बसतात तेव्हा जा. फोन आतल्या खोलीत ठेवून.