मजकूर दमदार असेल तर फॉन्ट आणि मांडणीने खरंच फरक पडतो का? माझ्या मराठी पुस्तकासाठी कोणता फॉन्ट घेऊ?

पडतो, आणि भरपूर पडतो. मी 19 वर्षं ठाण्यात, नौपाड्यात डीटीपी करतोय, पण हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते आईच्या लेखामुळे.

इथल्याच एका दिवाळी अंकाला तिने तिच्या वडिलांवर, म्हणजे दादांवर, लेख दिला होता. फुलस्केपवर, हाताने, छोटी छोटी वाक्यं. एका जागी "त्या वर्षी भात चांगला झाला." इथे परिच्छेद संपवलेला. मग एक ओळ कोरी, आणि खाली एकटंच वाक्य: "दादा परत आले नाहीत." पुन्हा एक ओळ कोरी.

अंक हातात आला तर जाहिरात बसवायला संपादकांनी सगळे परिच्छेद जोडून टाकलेले. ते वाक्य ठळक केलेलं, पुढे दोन उद्गारचिन्हं. 12 पॉइंटचा टाइप 13 वर लावलेला, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत जेमतेम 13 पॉइंट, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्या-रफारांत घुसलेले. आईने चष्मा पुसून दोनदा वाचलं. म्हणाली, "हा माझा लेख नाही रे." शब्द सगळे तिचेच होते.

मी फोन केला तर संपादक म्हणाले, "वाचक शब्द वाचतो, मोकळी जागा नाही." साफ चूक. त्या कोऱ्या ओळीत आजीने वाट पाहिली होती. तिथे आईने हंबरडा फोडलेला नव्हता, तो त्यांनी घातला.

फॉन्ट यशोमुद्रा घ्या, मुक्ता घ्या, पण 12 पॉइंटला ओळ 17-18 वर ठेवा. देवनागरीचा पसारा वरही असतो, खालीही. फाइलची भाषा मराठी लावा, नाहीतर काही फॉन्टांत हिंदी वळणाचे ल आणि श येतात. मराठी वळण म्हणजे पाकळीचा ल, देठाचा श; हे शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयातच ठरवून दिलंय.

आणि परिच्छेद जोडायचे नाहीत, विचारल्याशिवाय काही ठळक करायचं नाही, हे प्रकाशकाकडून लेखी घ्या. जागा कमी पडली तर लेखकाला सांगावं. आईने चार वाक्यं स्वतःच्या हाताने कापून दिली असती.

हे सगळं छापील पुस्तकाचं. मोबाइलवर वाचणारा अक्षर हवं तसं लहानमोठं करतो, तिथे ओळींचा हिशेब वेगळा. परिच्छेद मात्र तिथेही लेखकाचेच.

पुढच्या दिवाळीत मी तो लेख तिच्या कागदाबरहुकूम लावला, आठ पानांची पुस्तिका छापली आणि नातेवाइकांत वाटली. एक प्रत त्या संपादकांनाही पाठवली.