आई-बाबांना घेऊन इंग्लंडच्या कालव्यावर बोट भाड्याने घ्यायची तर

प्रश्न: आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येताहेत (६४ आणि ६९, बाबांचा एक गुडघा बदललेला). इथल्या कालव्यांवर स्वतः चालवायची बोट तीन-चार दिवस भाड्याने घ्यावी असं बायको म्हणते. बोट कुणालाच चालवता येत नाही. जमेल का? कुठून घ्यावी?

उत्तर:

जमेल. सुट्टीसाठी भाड्याने घेतलेली नॅरोबोट (इथल्या कालव्यांवरची लांब, अरुंद बोट) चालवायला इथे परवाना लागत नाही. ताबा देताना तळावरचा, म्हणजे बोटी भाड्याने देतात त्या धक्क्यावरचा, माणूस तासभर सगळं समजावतो, इंजिन आणि सुकाणू दाखवतो, बहुतेकदा थोडं अंतर सोबत येतो आणि मग उतरून जातो. त्यानंतर पन्नास-साठ फुटांचं ते लोखंडी धूड तुमच्या स्वाधीन. केरळच्या हाऊसबोटीशी याची तुलना आधीच डोक्यातून काढा. तिथे चालक आणि आचारी बोटीसोबत येतात, आपण खुर्चीत बसून नारळाची झाडं बघायची. इथे तांडेल तुम्ही, खलाशी तुम्ही आणि पोळ्या करणारेही तुम्हीच.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न ‘कुठून घ्यावी’ हा आहे. लोक बोटीचे फोटो बघतात, किती बेड आहेत, वायफाय आहे का ते बघतात आणि घराजवळच्या तळावरून बुकिंग करून टाकतात. तुम्ही आधी कालव्याचा नकाशा उघडा आणि वाटेत लॉक (बोट वर-खाली न्यायचे दारांचे हौद) किती आहेत ते मोजा. बर्मिंगहॅम कालव्यांनी वेढलेलं आहे खरं, पण ते शहर उंचावर आहे. तिथून कुठेही निघालात तरी उतरावं लागतं, म्हणजे लॉक आलेच. वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावर टार्डेबिगला तर सलग ३० लॉक आहेत, जेमतेम सव्वादोन मैलांत. ब्रिटनमधली सगळ्यांत लांब लॉकमालिका ती. सराईत माणसांचीही तिथे अर्ध्या दिवसाची मजुरी होते. सुनेने आणि मुलाने घाम गाळायचा आणि आई-बाबांनी डेकवरून ‘अरे बाळा, जपून’ म्हणत बसायचं, याला काही सुट्टी म्हणत नाहीत.

लॉक कसं चालतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण निर्णय त्यावरच आहे. कालव्याचं पाणी सपाट असतं, जमीन चढती-उतरती असते, म्हणून मध्ये दगडी हौद बांधलेला असतो, दोन्ही टोकांना दारं. वर जायचं असेल तर रिकाम्या हौदात बोट घालायची, मागची दारं लावायची आणि वरच्या बाजूच्या झडपा उघडायच्या. झडपा उघडायला काटकोनात वाकवलेली एक लोखंडी किल्ली असते, तिला विंडलास म्हणतात. ती दातेरी यंत्राच्या चौकोनी टोकावर बसवून फिरवायची. पाणी घुसतं, बोट वर येते, पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखी झाली की दाराच्या लांब लाकडी तुळईला पाठ टेकवून रेटायचं. पातळी सारखी झाली नसेल तर दार इंचभरही हलत नाही, मग पैलवान आणा. पुरुषमंडळी नेमकी इथे जोर दाखवायला जातात. बाबांना हे आधीच सांगून ठेवा, नव्या गुडघ्याला ते परवडणारं नाही.

खाली उतरताना एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाठ करायची. वरच्या दारांच्या खाली हौदात पुढे आलेला एक दगडी किंवा काँक्रीटचा उंबरा असतो, ‘सिल’. पाणी भरलेलं असताना तो दिसत नाही. बोटीचा मागचा भाग त्याच्यावर राहिला आणि पाणी उतरत गेलं, तर मागचं टोक उंबऱ्यावर अडकतं, पुढचं खाली जातं आणि बोट पाण्याने भरू शकते. काठावर पांढरी खूण रंगवलेली असते, बोट तिच्या पुढे ठेवायची. हौद रिकामा होत असताना विंडलासवाल्याने मोबाईल खिशात ठेवून बोटीकडे बघत राहायचं आणि काही गडबड वाटली तर आधी झडपा पाडून बंद करायच्या, आरडाओरडा नंतर. यापलीकडे कालव्यावर घाबरण्यासारखं फार काही नाही. बऱ्याच ठिकाणी पाणी कमरेएवढंच असतं.

दिवसभरात किती अंतर होईल याचा ठोकताळा सोपा आहे: मैल आणि लॉक यांची बेरीज करा, तिला तीनने भागा, तेवढे तास. १२ मैल आणि ६ लॉक म्हणजे सहा तास. वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू जायचं असतं. भाड्याची बोट अंधारात चालवू देत नाहीत. वयस्कर माणसं सोबत असताना दिवसाला चार तासांच्या वरचा बेत आखू नका.

आता माझी शिफारस. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरचा लँगॉलेन कालवा, आणि तळ वेल्समधल्या ट्रेव्हर किंवा चर्कचा. तुमच्याकडून गाडीने दीड-पावणेदोन तास. हर्ल्सटनपासून लँगॉलेनपर्यंत या कालव्यावर एकूण २१ लॉक आहेत, पण ते जवळपास सगळे पूर्वेच्या भागात. ट्रेव्हरपासून लँगॉलेन गावापर्यंत एकही नाही. उलट दिशेला एल्झमिअरपर्यंत गेलात तरी वाटेत न्यू मार्टनचे दोनच. म्हणजे लॉकची हौसही फिटते आणि कंबरही शाबूत राहते.

आणि ट्रेव्हरलाच आहे पॉन्टकसल्टेचा जलसेतू. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी बांधलेला, १८०५ साली खुला झालेला, २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. १८ दगडी खांबांवर ओतीव लोखंडाची पन्हळ ठेवली आहे, ३०७ मीटर लांब, आणि खाली ३८ मीटरवर डी नदी. पन्हळ एका बोटीपुरतीच रुंद आहे, त्यामुळे पलीकडून कुणी येत नाही ना हे बघून शिरायचं. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला कठडा नाहीच, लोखंडाची कड पाण्यापेक्षा वीतभर वर, की संपलं. सुकाणू धरून मागे उभं राहिलं की त्या बाजूला सरळ दरी दिसते आणि आपण हवेतून चाललोय असं वाटतं. बोट बाहेर पडणं शक्य नाही, ती पन्हळीच्या कडांना घासत सरळच जाते. पण आईंना उंचीची भीती असेल तर त्यांना आधीच उतरवा, त्या कठड्याच्या बाजूने चालत पलीकडे येतील आणि तुमचे फोटोही काढतील.

ट्रेव्हरहून निघालात तर पहिल्याच दिवशी जलसेतूवर जाऊ नका, लँगॉलेनकडे वळा. तिकडे कालवा डोंगराच्या कडेने जातो, काही तुकडे इतके अरुंद की एकच बोट मावते. एकाने चालत पुढे जाऊन समोर कुणी नाही ना ते बघायचं आणि मागच्यांना फोन करायचा. हे काम बाबांना द्या, पायवाट सपाट आहे. जाताना बोट संथ वाटेल, इंजिनात बिघाड नसतो. या कालव्याला पाणीच डी नदीतून मिळतं, टेलफर्डने बांधलेल्या हॉर्सशू फॉल्स या बंधाऱ्यापासून, त्यामुळे पाण्याला चांगली ओढ आहे आणि तुम्ही त्याच्या विरुद्ध जात असता. येताना तीच बोट भरभर येते. गावाच्या पुढे इंजिनाच्या बोटींना बंदी आहे, तिथे घोड्याने ओढायच्या बोटी चालतात. आई-बाबांना त्यात बसवा, नाहीतर बंधाऱ्यापर्यंत रमतगमत चालत जा.

नदीतून येणाऱ्या या पाण्याचा आणखी एक फायदा. २०२५ च्या उन्हाळ्यात पाऊस न झाल्याने लीड्स-लिव्हरपूलसारख्या कालव्यांचे मोठे भाग बंद ठेवावे लागले आणि अनेकांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. लँगॉलेनला पाण्याचा तुटवडा त्या मानाने कमी भासतो. तरीही निघण्याआधी कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर कुठला भाग बंद आहे का ते बघाच. इंग्लंड-वेल्समधले सुमारे २००० मैल जलमार्ग २०१२ पासून हीच संस्था सांभाळते.

चालवण्याबद्दल थोडंसं. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. अर्ध्या तासात हाताला सवय होते. बोट मधोमध फिरते, म्हणून नाक वळवलं की शेपूट दुसऱ्या काठावर आदळते. ब्रेक नसतो, थांबायला रिव्हर्स टाकायचा, आणि इंजिन न्यूट्रलला असताना सुकाणू काही ऐकत नाही. समोरून बोट आली की उजवीकडे राहायचं, रस्त्यावरच्या सवयीच्या नेमकं उलट. कुणीही पाय किंवा हात मध्ये घालून बोट अडवायची नाही. पंधरा-वीस टन वजन असतं. आईंची ओढणी किंवा साडीचा पदर मागच्या डेकवर लोंबता नको. मागच्या, पाण्याखालच्या पंख्यात (प्रोपेलर) काही अडकलं तर इंजिन बंद करून, किल्ली काढून, मग पंख्याच्या वरचं झाकण उघडून हात घालायचा.

बोट निवडताना मागे मोठा मोकळा डेक असलेली, म्हणजे ‘क्रूझर स्टर्न’ची घ्या. पारंपरिक बांधणीच्या बोटीवर मागे एक-दोन माणसंच मावतात आणि बाकीचे आत बसून कंटाळतात. आत रुंदी जेमतेम सहा फूट, त्यात एका बाजूने बोळ. रात्री बाथरूमला जाताना कुणालातरी ओलांडून जावं लागू नये म्हणून आई-बाबांना कायमचा पलंग असलेली खोली द्या, तुम्ही जेवणाच्या टेबलाचा पलंग करून झोपा. आत उतरायच्या पायऱ्या उभ्या असतात. गुडघ्यासाठी हँडल कुठे आहे, पुढच्या बाजूने चढ-उतार सोपी आहे का, हे फोनवर विचारून घ्या. फोटोत हे कधीच दिसत नाही.

संडासाची टाकी बोटीवरच असते, कागदाशिवाय दुसरं काही त्यात टाकायचं नाही. आपल्याकडच्यांना तांब्या लागतो, तो घरून न्या. पाणी मात्र जपून, टाकी लवकर भरते आणि ती रिकामी करणं हे काम कुणी हौसेने करत नाही. सिंकचं आणि आंघोळीचं पाणी थेट कालव्यात जातं, त्यामुळे तळणीचं तेल ओतू नका, कढई कागदाने पुसून घ्या. स्वयंपाकाला सिलिंडरवरची शेगडी आणि ओव्हन असतो, कुकर बिनधास्त न्या. मिक्सर, इस्त्री, इंडक्शन घरीच. बोटीवरची वीज बॅटरीची, तिचा जीव तेवढा नसतो. चटण्या, भाजणी, मेतकूट आधी करून नेलंत तर अर्धं काम हलकं होतं. थंडी वाजली म्हणून शेगडी पेटवून खिडक्या बंद करून बसायचं नाही, कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म चालू आहे ना ते पहिल्याच दिवशी बटण दाबून बघा. पिण्याच्या पाण्याची टाकी रोज भरा. काठावर नळ असतात, त्यांची किल्ली बोटीवर मिळते.

भाड्याशिवाय वरचा खर्च विचारून घ्या: डिझेल धरलंय की वेगळं, नुकसानभरपाईची रक्कम, गाडी उभी करायचे पैसे. शाळांच्या सुट्टीत भाव चढतात. आठवड्याचं भाडं तेव्हा हजार पौंडांच्या वर सहज जातं. रात्री बोट बांधायला पायवाटेच्या बाजूला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत.

एवढं वाचून ‘नको रे बाबा लॉक’ असं बायकोचं मत झालं तर नॉरफोक ब्रॉड्सला जा. २०० किलोमीटरच्या आसपास जलमार्ग आणि एकही लॉक नाही. बोटीही रुंद, आरामशीर. ती तळी नैसर्गिक वाटतात, पण मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट खणून काढलं, त्या खड्ड्यांत पाणी भरून ती झाली आहेत. मात्र तिथे भरती-ओहोटी असते, ग्रेट यारमथजवळ प्रवाह जोरदार असतो, आणि तुमच्यापासून ते लांब पडतं. फ्रान्सच्या कालव्यांचं कुणी सुचवलं तर लक्षात ठेवा, आई-बाबांना वेगळा शेंगेन व्हिसा लागेल. वेल्सला नाही लागत, एल्झमिअरकडे जाताना चर्कचा जलसेतू ओलांडला की तुम्ही वेल्समधून इंग्लंडमध्ये, कुणी विचारतही नाही.

जूनचा पहिला पंधरवडा घ्या, सोमवार ते शुक्रवारची चार रात्रींची बोट. शाळा चालू असतात म्हणून गर्दी कमी आणि भावही बरा, उजेड रात्री साडेनऊ-दहापर्यंत. आणि शक्य असेल तर बुकिंग करण्याआधी एखाद्या रविवारी तुम्ही दोघंच दिवसभराची छोटी बोट घेऊन बघा. त्या ट्रेव्हरलाही मिळतात. परतताना बायकोला पुन्हा विचारा, बेत कायम आहे का.